सोलापुरात राहून सॉफ्टवेअर सल्लागार होताय? या चुका टाळा

पुण्यातली नोकरी सोडून इथे स्वतःचं काम सुरू करणाऱ्यांची पहिली चूक कोड लिहिण्याआधीच होते. मालकाच्या केबिनमध्ये बसून मागण्या लिहून घेतात आणि निघतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात नोंद प्रत्यक्षात कशी होते, ते जॉबरला (मागावरच्या मुकादमाला) आणि दिवाणजीला विचारा. एक रात्रपाळी त्यांच्याजवळ काढा. कामगारांपैकी अनेकांच्या घरी तेलुगू बोलतात. स्क्रीनवरचे शब्द ठरवताना हेही ध्यानात ठेवा.

रात्रपाळीला बसायचं कारण आहे. मजुरी नगावर असते, आणि ‘कालचे नग आज दिसत नाहीत’ ही तक्रार हमखास येते. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तारीख यूटीसीवरून काढली, तर रात्री 12 ते पहाटे 5:30 मधलं उत्पादन आदल्या तारखेला पडतं. घाईत टाइमझोन बदलला की उलटंच होतं: एकच पाळी दोन तारखांत फाटते. म्हणून वेळ यूटीसीतच साठवा आणि ‘पाळीची तारीख’ हा रकाना वेगळा ठेवा. पाळी ज्या दिवशी सुरू झाली, तीच तारीख. विणकराच्या आठवड्याच्या पगाराचा हा प्रश्न आहे, इथे ढिलाई नको.

नेट अडखळलं की माणूस बटण पुन्हा दाबतो आणि पावती दोनदा पडते. प्रत्येक नोंदीला फोनवरच क्रमांक द्या, डेटाबेसमध्ये त्यावर युनिकची अट घाला, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदला जाणार नाही. रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका, त्यात दशांश अंदाजे साठतात. अचूक दशांशाचा डेसिमल प्रकार वापरा किंवा रुपयांऐवजी पैशांत पूर्णांक ठेवा. बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय तो आहे असं धरू नका.

व्यवहार तोंडी नको. देखभालीचे पैसे वेगळे लिहून घ्या. उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांत चुकवावं, असं 2006 चा एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा) सांगतो.

कॉलेजात शिकवायला गेलात, तर तयार, चालणारा कोड फळ्यावर उतरवू नका. मला हे सगळ्यात जास्त खटकतं. मुलं पाठ करतात आणि पहिल्याच एररला थबकतात. त्यांना तीच चुकलेली मजुरी द्या, लॉग (सिस्टीमने आपोआप ठेवलेल्या नोंदी) द्या, तास संपेपर्यंत शोधू द्या. मात्र आधी मालकाची परवानगी घ्या, आणि कामगारांची नावं, आधार क्रमांक, खाते क्रमांक त्यातून काढून टाका.