लाईटबिलालाही पैसे द्या: वस्तीतल्या संस्थांसाठी स्थानिक निधी कसा चालवावा

बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही अकरा जणांनी मिळून एक ट्रस्ट नोंदवला. काम एकच: नागपूरकरांकडून पैसे गोळा करायचे आणि नागपुरातल्याच छोट्या संस्थांना द्यायचे. पहिल्या वर्षी आम्ही चार पानांचा इंग्रजी फॉर्म काढला, शेवटची तारीख जाहीर केली, सोबत तीन वर्षांचं ऑडिट मागितलं. चौदा अर्ज आले. त्यातले अकरा रेल्वे रुळांच्या पश्चिमेकडचे, धरमपेठ, रामदासपेठ भागात ऑफिस असलेल्या संस्थांचे. उत्तर नागपुरातून एक आला. भांडेवाडीच्या कचरा डेपोभोवती वेचणीचं काम करणाऱ्या बायांच्या वस्त्यांमधून एकही नाही. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर, सीए आणि इंग्रजी लिहिणारं माणूस आधीच होतं, त्यांनाच आम्ही पैसे वाटले, आणि वर आम्हाला वाटत होतं की सगळ्यांना एकच नियम लावला म्हणजे न्याय झाला. ती चूक दुरुस्त करताना जे शिकलो, ते इथे मांडते.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडला फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने १९१४ साली असा पहिला निधी काढला. लोक मृत्युपत्रात दानाच्या अटी घालून जायचे आणि काळ बदलला तरी पैसा त्याच अटींत अडकून पडायचा. गॉफने तो एकत्र आणला आणि आज कुठे गरज आहे हे ठरवायचं काम गावातल्या जिवंत माणसांच्या समितीकडे दिलं. आपल्याकडे मुंबईत १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट उभा राहिला. आमचा निधी त्यांच्यापुढे फार लहान आहे, पण ठरवणारी माणसं इथलीच हवीत, हा धागा तोच.

आधी पैसा कुठला घ्यायचा ते पक्कं करा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे पुढे वाटायच्या निधीला तो उपयोगाचा नाही. अमेरिकेतला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर चालतं. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा परदेशी ठरतो. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा मोठा असतो, पण कंपन्यांना सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी झालेली संस्था लागते आणि वस्तीतली अभ्यासिका त्या रांगेत उभीच राहू शकत नाही. आमचा मुख्य आधार महिन्याला शंभर ते हजार रुपये देणारी माणसं आहेत: निवृत्त शिक्षक, इतवारीतले काही व्यापारी, दोन सोसायट्या. रोखीत दोन हजारांच्या वर घेऊ नका, त्यावर देणगीदाराला करसवलत मिळत नाही. एखादी रक्कम कायम निधी म्हणून बँकेत ठेवायची असेल तर देणाऱ्याचं तसं लेखी पत्र घ्या. आणि तुमच्या सीएला एक गोष्ट आठवणीने विचारा: २०२३ च्या अर्थसंकल्पापासून एका नोंदणीकृत ट्रस्टने दुसऱ्याला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरली जाते. वर्षाअखेरी हिशेब जुळवताना याने घाम फुटतो.

आता देण्याचं. फॉर्म आम्ही बंदच केला. आमच्यातले दोघं वस्तीत जातात, ऐकतात, तिथेच वहीत मराठीत किंवा हिंदीत लिहून घेतात, मोठ्याने वाचून दाखवतात आणि त्यावर त्यांची सही घेतात. हाच अर्ज. प्रश्न चारच: काय करता, कोण येतं, कशाला पैसे कमी पडतात, आणि आम्ही नाही दिले तर काय बंद पडेल. चौथ्या प्रश्नाला घाई करू नका, खरं उत्तर तिथेच निघतं.

उत्तर नागपुरात इंदोऱ्याच्या बाजूला एक अभ्यासिका आहे. टिनाचं शेड, बावीस-पंचवीस मुलंमुली, पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी. एप्रिलच्या दुपारी आम्ही गेलो तेव्हा आत चारच जण होते, ओला रुमाल डोक्यावर टाकून बसलेले. भिंतीला चार कपाटं गच्च भरलेली. चालवणारा मुलगा म्हणाला, "पुस्तकं भरपूर हायेत मॅडम. सगळे पुस्तकंच देऊन राहिले. पण अकरा वाजल्यानंतर पोरं बसूच नाही शकत, टीन तापते. कूलर लावला तर बिल कोण भरन?" आमच्या देणगीदारांनाही पुस्तकंच द्यायची होती, कारण त्यावर नाव टाकता येतं, फोटो निघतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर अन्नदान करताना याच शहराचा हात किती सढळ असतो ते मी दरवर्षी पाहते. लाईटबिल म्हटलं की तोच हात आखडतो. आम्ही दोन कूलर, वर्षभराचं वीजबिल आणि झाडझूड करणाऱ्या बाईचा पगार धरून ६२ हजार रुपये मंजूर केले. मे महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा दुपारी तीन वाजता एकोणीस जण बसले होते. म्हणून सांगते, भाडं, वीज, पगार, ऑटोभाडं यांना "प्रशासकीय खर्च" म्हणून कापू नका. छोट्या संस्थेचा तोच श्वास असतो.

ती अभ्यासिका तेव्हा नोंदणीकृत नव्हती, मग पैसे कसे दिले? त्यांच्या हातात दिलेच नाहीत. अभ्यासिका चालवणं आमच्या ट्रस्टच्या उद्देशांत बसतं, म्हणून तो आमचाच उपक्रम म्हणून ठराव केला. कूलरच्या दुकानदाराला चेक दिला, वीजबिल थेट भरलं, पगार बाईच्या खात्यात टाकला. पावत्या आमच्या नावे, निर्णय त्यांचे. ट्रस्टडीड, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेचा दस्त लिहून घेताना उद्देश मोकळे ठेवा, म्हणजे हे जमतं.

नोंदणी असूनही अडकलेल्या संस्था याहून जास्त भेटल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची माहिती, धर्मादाय आयुक्त कार्यालयात दाखल करावी लागते. वस्तीतल्या संस्थेत हे कुणी सांगितलेलंच नसतं. एका महिला मंडळाच्या कागदावर अध्यक्ष म्हणून ज्या बाईंचं नाव होतं, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. बँक सही बदलून देईना, खात्यातले एकतीस हजार तसेच पडून. आम्ही त्यांना कार्यक्रमासाठी एक पैसा दिला नाही. वकील, सीए आणि थकलेल्या ऑडिटसाठी अठरा हजार दिले, आणि आमच्यातले एक काका सहा वेळा धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्यांच्यासोबत गेले. दीड वर्ष लागलं. आमच्या सगळ्या मदतींमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते, कारण त्यानंतर त्या मंडळाने स्वतः दुसरीकडून पैसे आणले.

समितीबद्दल. पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या सात जणांमध्ये आता चार वस्तीतले आहेत: एक शिवण शिकवणारी ताई, एक माजी कचरावेचक, एक मोमीनपुऱ्यातले निवृत्त मास्तर, एक पारधी समाजातली पदवीधर मुलगी. शोभेसाठी एखादा घेऊ नका, बहुमत द्या. बैठकीला येताना त्यांची मजुरी बुडते, ती भरून द्या; आम्ही पाचशे रुपये आणि ऑटोभाडं देतो. ज्याच्या संस्थेचा विषय निघेल त्याने खोलीबाहेर जायचं, हा नियम मात्र मास्तरांपासून माझ्यापर्यंत सर्वांना. मागच्या वर्षी मला शाळेबाहेरच्या मुलांसाठीचा एक प्रकल्प फार आवडला होता. ताई म्हणाली, "मॅडम, ते फक्त फोटोपुरते येतात. वस्तीत विचारून पाहा." विचारलं. तिचं खरं होतं.

एक वर्षाचे पैसे देऊन मोकळे होऊ नका. तीन वर्षांचं वचन द्या, रक्कम थोडी कमी असली तरी चालेल. दर तिमाहीला अहवाल मागण्यापेक्षा वर्षातून दोनदा भेट आणि पावत्यांची फाईल पुरे. हिशेबात कुठे गडबड दिसली तर आधी जाऊन बसा. बहुतेक वेळा पावती हरवलेली असते. पैसे खरंच गेले असतील तर पुढचा हप्ता थांबवा आणि कारण समितीसमोर, त्यांच्या तोंडावर सांगा. नकारही फोनवरच कळवा, कारणासकट.

भेटीला शक्यतो संध्याकाळी सातनंतर जा. धुणीभांडी आणि वेचणीचं काम करणाऱ्या बाया तोवर घरी आलेल्या असतात. सकाळी अकराला गेलात तर रिकामे पुरुष भेटतील आणि तेच संस्थेच्या वतीने बोलतील.