नव्या गेमिंग लॅपटॉपचा कीबोर्ड मध्येच मरतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

खेळता खेळता कीबोर्ड बंद पडतो, रंगीत लाइट मस्त चालू असतात पण एक अक्षर उमटत नाही, रिस्टार्ट केलं की परत ठीक आणि संध्याकाळी परत तेच. नव्या गेमिंग लॅपटॉपवाल्यांची ही नेहमीची रड आहे. आणि आमच्या इंदूरमध्ये सल्ला द्यायला तर कुणी फी घेत नाही, एक म्हणतो फॉरमॅट मार, दुसरा म्हणतो सिल्व्हर मॉलला, म्हणजे इथल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, नेऊन टाक, तिसरा कुठलातरी फुकटचा ड्रायव्हर अपडेटर पाठवतो. तो अपडेटर तर अजिबात टाकू नका, का ते सांगतो.

विंडोजमध्ये कीबोर्डचा मूळ ड्रायव्हर (म्हणजे कीबोर्ड आणि विंडोजची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टचाच असतो, विंडोजबरोबरच येतो, आणि तो सहसा बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या डोक्यावर बसलेलं काहीतरी, म्हणजे लाइटचं सॉफ्टवेअर, बटणं बदलायचं टूल, अँटी-चीट (गेममधली चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर), नाहीतर पॉवर सेव्हिंग. त्यामुळे "नवीन कीबोर्ड ड्रायव्हर" शोधत फिरण्यात काही अर्थ नाही, नेमकं काय मरतंय ते आधी शोधायचं.

डिव्हाइस मॅनेजर उघडा (स्टार्टवर राइट क्लिक केलं की सापडतो) आणि कीबोर्ड्सखाली काय लिहिलंय ते बघा. "स्टँडर्ड पीएस टू कीबोर्ड" असेल तर तुमचा कीबोर्ड आतून जुन्या पद्धतीने, मदरबोर्डवरच्या एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या छोट्या चिपमधून बोलतो. "एचआयडी कीबोर्ड डिव्हाइस" असेल तर बहुतेक तो आतल्या आत यूएसबीवर आहे, प्रत्येक बटणाला वेगळा रंग देणाऱ्या कीबोर्डांमध्ये असं बऱ्याचदा असतं. काही लॅपटॉपमध्ये दोन्ही दिसतात, घाबरू नका, माउस आणि लाइटवालं सॉफ्टवेअरपण स्वतःला कीबोर्ड म्हणून नोंदवून घेतात. हे बघून ठेवायचं कारण एवढंच की यूएसबीवाला पॉवर सेव्हिंगने मरतो आणि पीएस टूवाला बहुतेक वेळा ती चिप अडकल्यामुळे.

आता पुढच्या वेळी कीबोर्ड मेला की लगेच रिस्टार्ट करू नका, तोच तर पुरावा असतो. आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही, विंडोज लावतो, म्हणजे दिवा लागतोय-विझतोय तर बटण विंडोजपर्यंत पोचतंय, ड्रायव्हर जिवंत आहे आणि गडबड गेममध्ये किंवा वरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवा ढिम्म असेल तर माउस हलवून बघा, माउसही हलत नसेल तर पूर्ण मशीनच अडकलंय, तो वेगळा विषय. माउस चालतो पण दिवा नाही, तर मात्र आपण योग्य जागी आलो. मग बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा, कुठलाही साधा चालेल. तो चालला तर विंडोजची कीबोर्डची वरची व्यवस्था ठीक आहे, फक्त आतल्या कीबोर्डची लाइन तुटलीय. तोही नाही चालला तर वरचं काहीतरी दोघांनाही अडवतंय.

सर्वात महत्त्वाची टेस्ट बायोसची, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या, लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या स्क्रीनची. लॅपटॉप चालू करताना एफ२ किंवा डिलीट (कंपनीप्रमाणे बटण वेगळं) दाबत राहा, आत जाऊन पाच-दहा मिनिटं बाणाची बटणं फिरवत बसा. तिथे विंडोज नसतो, ड्रायव्हर नसतो, कुठलं सॉफ्टवेअर नसतं. तिथेही बटणं मरत असतील तर विंडोजचा दोष नाही, बहुतेक हार्डवेअर आहे, खालची ३० सेकंदांची पॉवर बटणाची युक्ती तेवढी करा आणि थेट शेवटच्या भागावर या.

आता जे क्रॅश नसतातच ते उरकून घेऊ, कारण बऱ्याच केसेस यातच निघतात. आपण मराठी टाईप करणारे लोक, विंडोजमध्ये इंग्रजी आणि मराठी दोन्ही टाकलेले असतात, आणि डावीकडचं ऑल्ट अधिक शिफ्ट दाबलं की भाषा बदलते. गेममध्ये पळताना शिफ्ट तर दाबलेलंच असतं, ऑल्टला बोट लागलं की झालं, कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर गेला. मग डब्ल्यू-ए-एस-डी दाबा, काही गेममध्ये माणूस जागचा हलत नाही आणि चॅट उघडून बघितलं तर तिथे ै ो े आणि हलंत, नुसत्या मात्रा पडलेल्या. लोक याला ड्रायव्हर क्रॅश म्हणतात! विंडोज अधिक स्पेस दाबून इंग्रजीवर या, आणि कायमचं बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज मध्ये जाऊन दोन्ही शॉर्टकट "नॉट असाइन्ड" करा. दुसरं, उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज चालू होतं, मग पटकन दाबलेली बटणं विंडोज मोजतच नाही आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो, ॲक्सेसिबिलिटीत जाऊन त्याचा शॉर्टकटच बंद करा. आणि फक्त विंडोज बटणच चालत नसेल तर गेमिंग लॅपटॉपमध्ये ते लॉक करायची सोय असते, बऱ्याच ठिकाणी एफएन अधिक विंडोज. आणखी एक, स्टार्टच्या सर्चमध्ये टाईप होत नाही पण बाकी सगळीकडे होतं असं असेल तर सीटीएफमॉन नावाची प्रोसेस बंद पडलेली असते, रन मध्ये (हेही स्टार्टवर राइट क्लिक केलं की सापडतं) सीटीएफमॉन, इंग्रजीत ctfmon, लिहून एंटर मारा (तिथेही टाईप होत नसेल तर माउसने ऑन-स्क्रीन कीबोर्ड).

खरोखर मरतोय असं ठरलं की आधी चिपची झोप उडवायची. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढा, बाकी लावलेलं सगळं काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चालू करा. बावळट वाटतं पण अडकलेला एम्बेडेड कंट्रोलर यानेच सुटतो. आणि "पूर्ण बंद" म्हणजे शिफ्ट दाबून शटडाउन, कारण विंडोजचा फास्ट स्टार्टअप साध्या शटडाउनमध्ये खरं बंद करतच नाही, कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तोच, ड्रायव्हरच्या बिघडलेल्या अवस्थेसकट, परत उचलतो. म्हणून तर रिस्टार्टने बरं होतं आणि बंद-चालू केल्याने नाही. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढा, नव्या एसएसडीवर दोन-चार सेकंदांचा फरक पडेल, पडू द्या.

झोपेतून म्हणजे स्लीपमधून उठल्यावरच मरत असेल आणि कीबोर्ड यूएसबीवाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब उघडा, "अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस" ची टिक काढा. बॅटरी थोडी जास्त खाईल, पण गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर तसाही किती वेळ चालतो!

आता मुख्य गुन्हेगार. सुदामा नगरात ओळखीतल्या एका मुलाचा लॅपटॉप असाच रोज मरायचा, त्याचा एकच प्रश्न, "भिया, लाइट तर चालू आहेत, कीबोर्ड कसा मेला?" अरे, लाइटचं आणि बटणांचं काम वेगळं चालतं, लाइट चालू असण्याने काहीच सिद्ध होत नाही. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" लिहिलं की रिलायबिलिटी मॉनिटर येतो, तो उघडला तर लाल फुल्या आणि प्रत्येक फुली लाइटच्या एका सॉफ्टवेअरची, वेळ तीच ज्या वेळी कीबोर्ड मेला. त्याच्याकडे लाइटची तीन सॉफ्टवेअर होती, लॅपटॉपबरोबर आलेलं, माउसबरोबर आलेलं, आणि व्हिडिओ बघून टाकलेलं, वर विंडोज ११ चं स्वतःचं डायनॅमिक लायटिंग, जे २०२३ च्या अपडेटपासून आलंय, तेही चालू. एका कीबोर्डला चार मालक! दोन काढून टाकली, पर्सनलायझेशनमध्ये जाऊन डायनॅमिक लायटिंग बंद केलं, लॅपटॉपचं स्वतःचं तेवढं ठेवलं, विषय संपला.

तुमचा गुन्हेगार कोण ते सापडत नसेल तर क्लीन बूट करा, म्हणजे बाहेरची सगळी सॉफ्टवेअर बंद ठेवून विंडोज सुरू करा. रन मध्ये एमएसकॉन्फिग (msconfig), सर्व्हिसेस टॅब, आधी "हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस" वर टिक करा (ही विसरलात तर विंडोजच्याच सर्व्हिसेस बंद होतील आणि नवीनच रामायण सुरू होईल), मग डिसेबल ऑल, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधूनही सगळं बंद, रिस्टार्ट. दोन दिवस कीबोर्ड नीट चालला तर अर्ध्या सर्व्हिसेस चालू करा, परत बघा, असं निम्मं-निम्मं करत गेलात की नेमकी एक हाती लागते. अँटी-चीटची सर्व्हिस बंद असताना तो गेम सुरू होणार नाही, ते चालायचंच.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर पिवळं चिन्ह असेल तर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरूच झालं नाही, ४३ म्हणजे डिव्हाइसने स्वतःच काहीतरी बिघडल्याचं कळवलं म्हणून विंडोजने ते थांबवलं, १९ म्हणजे रजिस्ट्रीतली (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतो तिथली) नोंद खराब, ३९ म्हणजे ड्रायव्हर लोड झाला नाही. १९ आणि ३९ बहुतेक वेळा अर्धवट अनइन्स्टॉल झालेल्या टूलमुळे येतात, टूल गेलं पण कीबोर्डच्या "अपर फिल्टर्स" मध्ये, म्हणजे कीबोर्डबरोबर लोड करायच्या ड्रायव्हरांच्या यादीत, नाव तसंच राहिलं, आणि विंडोज ती नसलेली फाइल शोधत बसतो. रजिस्ट्रीत ते फक्त जाणकारानेच बदलावं, आणि इंटरनेटवर सांगतात तसं अपर फिल्टर्स पूर्ण डिलीट करू नका, त्यात केबीडीक्लास (kbdclass, विंडोजचा स्वतःचा कीबोर्ड ड्रायव्हर) हे नाव राहायलाच पाहिजे, ते गेलं तर बाहेरचा कीबोर्डपण चालणार नाही. आधी रिस्टोर पॉइंट करा, म्हणजे बिघडलं तर मागे फिरता येईल.

कोड ३९ चं अजून एक कारण नव्या लॅपटॉपवर दिसतं, मेमरी इंटिग्रिटी नावाची विंडोजची सुरक्षेची सोय. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन मध्ये ती असते, नव्या मशीनवर बऱ्याचदा आधीच चालू, आणि ती काही जुन्या ड्रायव्हरांना चालू देत नाही. लोक तीच बंद करतात. मी म्हणेन तिला राहू द्या आणि ते जुनं टूल काढा, जुन्या लॅपटॉपवरून उचलून आणलेलं मॅक्रोचं सॉफ्टवेअर वगैरे.

एवढ्यानेही नाही जमलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतल्या कीबोर्डवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, रिस्टार्ट, विंडोज आपोआप परत टाकतो. त्याआधी माउस लावून ठेवा, पासवर्ड आठवतोय ना बघा, आणि लॉगिन स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड निघतो हे लक्षात ठेवा. त्रास एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर अपडेट हिस्ट्रीतून ते अपडेट काढता येतं. चिपसेटचे ड्रायव्हर आणि बायोस मात्र कंपनीच्या सपोर्ट पेजवरून, तुमच्या अगदी त्याच मॉडेल नंबरचेच घ्या, नव्या लॅपटॉपांचे कीबोर्डचे बरेच घोळ बायोस अपडेटमध्येच सुधारलेले असतात. बायोस टाकताना चार्जर लावलेला पाहिजे, आणि आधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) सस्पेंड करा, रिकव्हरी कीसुद्धा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून कागदावर उतरवून घ्या. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन बऱ्याचदा तुम्हाला न सांगता चालू असतं, आणि अपडेटनंतर ४८ आकडी की मागितली आणि कीबोर्डच मेलेला असला की काय होतं ते कल्पना करा.

आता बायोसमध्येच बटणं मरणाऱ्यांसाठी. आधी चार्जर काढून फक्त बॅटरीवर तेच करून बघा. राजवाड्याकडच्या जुन्या घरांमध्ये अर्थिंगचा पत्ता नसतो, धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिणतं, तसं होत असेल तर दुसऱ्या घरी, दुसऱ्या सॉकेटवर टेस्ट करा. आणि कीबोर्डवर बसून सेव खाणाऱ्यांनो, लॅपटॉप उलटा करून झटका, एक बटण खाली अडकलेलं असलं की विंडोजला ते सतत दाबलेलं दिसतं आणि बाकीच्यांचा गोंधळ उडतो.

तरीही नाही, तर स्वतः उघडू नका, आतली पट्टीची केबल सैल असते बऱ्याचदा पण वॉरंटीत ते त्यांचं काम आहे. बायोसच्या स्क्रीनवर बटण दाबताय आणि काही होत नाहीये असा मोबाइलवर व्हिडिओ काढा, सिरीयल नंबरचं स्टिकर त्याच व्हिडिओत येऊ द्या. बायोसचा व्हिडिओ असला की "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट करून बघा" म्हणून फोनवर परतवणं कठीण जातं. रिटर्नची मुदत उलटायच्या आधी तक्रार लेखी, ईमेलने, बिलाच्या फोटोसकट टाका आणि तक्रार नंबर जपून ठेवा. टोलवाटोलवी चालूच राहिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर लावा, तिथे हिंदीत बोलता येतं आणि हाच तक्रार नंबर हाताशी असलेला बरा.