सांगलीहून लंडन: तिकिटावरची वेळ फसवते

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर साधारण 7,200 किमी. ताशी 850 किमी धरून भागा, विमानाच्या चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा: नऊ तास. जाताना पश्चिमेकडून समोरचा वारा, म्हणून दहा धरा. येताना तोच वारा ढकलतो.

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. मुंबईहून दुपारी 1 ला निघून लंडनला संध्याकाळी 6.30 ला पोहोच दिसली, तर प्रवास साडेपाच तासांचा नव्हे. उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तासांचा दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक त्यात मिळवायचा.

खरी गोम रस्त्यात आहे. सांगली-मुंबई आठ तास, विमानतळावर तीन तास आधी. वाटेतल्या खंबाटकी घाटात अडकलात तर काउंटर थांबत नाही. शनिवार-रविवारी आणखी दोन तास हाताशी ठेवा.