नॉर्वेजियन शिकताय? या चुका टाळा

ऑस्लोत नव्याने आलेल्या मराठी मंडळींना मी नॉर्वेजियन शिकवते. माणसं बदलतात, चुका त्याच. बहुतेकींचं मूळही एकच: घरात दिवसभर मराठी बोलणारा माणूस वही उघडली की डोक्यात इंग्रजी चालू करतो. वाक्य सुचतं मराठीत, मग त्याचं इंग्रजी होतं आणि त्यानंतर नॉर्वेजियन. या वळशात मराठीने आयतं दिलेलं बरंच काही सांडून जातं.

सगळ्यात जास्त सांडतं ते 'सिन'. नॉर्वेजियनमध्ये 'हान्स' म्हणजे त्याचा, दुसऱ्या कुणाचा तरी. 'सिन' म्हणजे कर्त्याचा स्वतःचा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. आपल्याला कशाला हवीत? 'तो आपल्या मुलीला न्यायला येतोय' आणि 'तो त्याच्या मुलीला न्यायला येतोय' यातला फरक आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

तरीही काय होतं बघा. माझ्याकडे शिकणाऱ्या एकीने मुलीच्या पाळणाघरात निरोप दिला: आज माझा नवरा येईल, बरोबर त्याचा सहकारी असेल. पुढचं वाक्य, 'हान हेन्तर दात्तरन हान्स'. सहकाऱ्याची मुलगीही त्याच पाळणाघरात. तिथल्या बाईंनी वाक्य जसं होतं तसंच घेतलं, म्हणजे नवरा येऊन सहकाऱ्याची मुलगी नेणार. त्यांनी त्या दुसऱ्या मुलीला अंगभर रेनसूट चढवला, बूट घातले आणि फाटकापाशी उभं केलं. हिची लेक वाळूत खड्डा खणत बसलेली. दोन्ही बाप एकदमच पोचले म्हणून निभावलं. 'दात्तरन सिन' म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं. माझी विद्यार्थिनी मला म्हणाली, "अहो, पण पुस्तकात 'हान्स' म्हणजे हिज दिलंय!" दिलंय ना, इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी.

माझी सवय अशी: वाक्य आधी मराठीत म्हणायचं. 'आपला' बसत असेल तर 'सिन', नाहीतर 'हान्स'. फक्त कर्ता तृतीयपुरुषी, म्हणजे तो, ती, ते यांच्यापैकी असला पाहिजे. 'मी आपली निघते' तिथे चालत नाही. आणि 'राम आणि त्याचा भाऊ आले' यात मराठीतही 'आपला' बसत नाही, तिकडेही 'सिन' बसत नाही. इतकं जुळतं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक उच्चाराची, आणि ती या पाळणाघराच्या नावातच आहे. लिहितात 'बार्नेहागे', पण ऑस्लोकडे म्हणतात 'बाणेहागे'. र नंतर न, त, द, स आले की दोघं मिळून ण, ट, ड, ष होतात. मूल म्हणजे 'बाण', अगदी धनुष्यातला. नकाशा 'काट'. तयार म्हणजे 'फॅडी'. भाषेचं नाव 'नॉष्क'. दोन शब्द शेजारी आले तरी हेच: 'हार दू' (तुझ्याकडे आहे का) जोरात म्हटलं की 'हाडू'. जर्मन, फ्रेंच, इंग्रज शिकणारे या ण-साठी जीभ वळवून थकतात आणि आपण, ज्यांना ण बाळपणापासून येतो, ते 'बार्न' म्हणून मोकळे. उलट जिथे त हवा तिथे इंग्रजीच्या सवयीने ट लावतात. जेवण म्हणजे 'मात', दातातल्या त ने. 'माट' नव्हे.

माझ्याकडे येणारे पहिले काही आठवडे नवे शब्द देवनागरीत लिहितात. काही शिक्षकांना हे बालिश वाटतं. वाटू दे. र्न लिहायचं की ण, हे हाताने ठरवलं की जिभेला कळतं. फक्त ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा: आभार मानताना 'तक्' तोडून म्हणा. 'ताक' म्हटलंत तर समोरच्याला छप्पर ऐकू येतं.

क्रियापद दुसऱ्या जागी. आपण ते वाक्याच्या शेवटी ठेवतो, पण ही चूक आपली नाही, इंग्रजीचीच: 'इ दाग याय स्पीसर फिस्क' (आज मी मासे खाते). 'आज' पुढे आला की 'मी' मागे गेलाच पाहिजे, 'इ दाग स्पीसर याय फिस्क'. लाल पेन घ्या, क्रियापदाखाली रेघ मारा.

मराठीला तीन लिंगं, तिकडेही तीन, म्हणून जुळतील ही आशा सोडा. मूल आणि घर दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहेत, पण सूर्य आणि पुस्तक तिथे स्त्रीलिंगी. बोकमोल, म्हणजे नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी एक, लिहिताना स्त्रीलिंगी नामाला पुल्लिंगी 'एन' लावलेलं चालतं. एवढा आळस नियमातच बसतो, करा.

कर्ता गाळू नका. 'येते हं' यात आपल्याला 'मी' लागत नाही, कारण 'येते' सगळं सांगतं. नॉर्वेजियन क्रियापद मी, तू, ते सगळ्यांना सारखंच, त्यामुळे 'याय' हवाच. पाऊस पडतानासुद्धा 'दे' हा कर्ता लागतो.

प्लीज शोधत बसू नका. आपण 'जरा पाणी देता का?' म्हणतो, तसंच 'कान याय फो लित वान?' प्रत्येक वाक्याला 'वॅर सो स्निल' चिकटवलंत तर गयावया वाटते. आणि अहो-जाहो विसरा. साहेब, डॉक्टर, शिक्षिका, सगळ्यांना 'दू'.

'नाव' आणि 'नाव्न', 'दार' आणि 'दर' सारखे दिसले की काहींना नॉर्वेजियन संस्कृतमधून निघाल्याचा साक्षात्कार होतो. दोन्ही एका जुन्या भारोपीय कुळातल्या आहेत, मायलेकी नाहीत. पुढच्या धड्याकडे वळा.

आणि उतावळ्यांसाठी. कोर्स संपला तरी बसमधला माणूस कळत नाही म्हणून रडू नका. या देशात बोलण्याची अधिकृत प्रमाणभाषा नाही. 'मी' ला ऑस्लोत 'याय', बर्गनमध्ये 'एग', त्रोनहाइमकडे नुसतं 'अॅ'. वर सांगितलेले ण-ट सुद्धा बर्गनमध्ये मिळणार नाहीत, तिथला र घशातून येतो. तुम्ही एकच बोली बोला, कान मात्र सगळ्यांना लावा. तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येईल, सौजन्य म्हणून. तुम्ही नॉर्वेजियनमध्येच उत्तर द्या. दोन-तीन वाक्यांत बहुतेक जण परत येतात.