कळा सुरू झाल्या, आता सोबतीणीने काय करायचं?

साताऱ्याकडे पहिलटकरीण माहेरी येते, त्यामुळे लेबर रूममध्ये सोबतीला बहुधा आईच. पोरीच्या आधी तिचेच हातपाय गळालेले. बाळंतपणात आपल्या मर्जीतलं माणूस जवळ असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांत आहे. पण नुसतं शेजारी बसून "सोस गं, बाईचा जन्मच असा" म्हणणं ही काही सोबत नव्हे.

आधी तिला उठवा. सिस्टरला विचारून फेऱ्या मारू द्या. पडायचंच असेल तर उताणं नको, डाव्या कुशीवर. पाटण-जावळीच्या वाड्यांवरून १०८ ने येतानाही तसंच. दर दोन तासांनी लघवीला न्या. कळांच्या नादात तिला कळत नाही, आणि मूत्राशय भरलेलं असलं की बाळाचं डोकं खाली सरकायला अडतं.

आता कंबर. बहुतेकजणी चोळत बसतात, त्याने कातडी तेवढी लाल होते. तिला खुर्चीवर उलटी बसवा, खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून. माकडहाडाच्या वर, कंबरेच्या दोन खळ्यांच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा फुगीर भाग ठेवा. कळ चढू लागली की दाबा आणि उतरेपर्यंत हात हलवू नका. कोपर सरळ ठेवून अंगाचा भार टाका, नाहीतर तासाभरात मनगट जातं. "जरा खाली", "अजून जोरात" हे तीच सांगेल. बांगड्या मात्र आधी काढा. आईचा चुडा लेकीच्या पाठीत फुटलेला मी पाहिलाय. मधल्या वेळात गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून लावा, आधी स्वतःच्या मनगटावर बघून.

"श्वास घे, श्वास घे" असं ओरडू नका. तिच्यासमोर तुम्हीच सावकाश घ्या, चहावर फुंकर घालावी तसा सोडा; ती तुमच्या मागोमाग येते.

मनाई नसेल तर पातळ आंबील, सरबत, घोटघोट.

"जोर लाव" हे तुमच्या तोंडी नको. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटीमीटर उघडण्याआधी जोर केला तर ती नुसती दमते. कधी लावायचा ते सिस्टर तपासून सांगतील. आणि वरून पोट दाबणं अजिबात नाही, मग सांगणारी आजी कितीही अनुभवी असो.

अंगावरून जास्त रक्त गेलं, पाणी हिरवट दिसलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा दोन कळांच्या मधेही पोट दगडासारखं राहिलं, तर कंबर सोडा आणि आधी सिस्टरला हाक मारा.