घरच्या लॅबला, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्र्याला, डॉग शोच्या रिंगसाठी तयार कसं करावं

आधी कागद बघा. विकणारा 'पेपरवालं पिल्लू आहे' असं छातीठोक सांगतो, पण तो पेपर, म्हणजे जातीच्या नोंदणीचा दाखला, केनल क्लब ऑफ इंडियाचा, तुमच्या नावावर करून घेतलेला आणि कुत्र्याच्या कातडीखालच्या मायक्रोचिपच्या नंबरशी जुळणारा असेल तरच कामाचा. ही संस्था १८९६ पासून चालू आहे, मुख्यालय चेन्नईला आहे, आणि तिच्या नोंदणीशिवाय तिच्या शोमध्ये जातीच्या वर्गात उतरता येत नाही. शोच्या आदल्या आठवड्यात हे आठवून काही होत नाही.

दुसरं, जातीचा स्टँडर्ड, म्हणजे त्या जातीचा कुत्रा कसा असावा याचं अधिकृत वर्णन, एकदा वाचा. दोन-तीन पानांचाच असतो, तरी लोक वाचत नाहीत. लॅब्रॅडॉरचा नर खांद्याशी ५६ ते ५७ सेंटिमीटर, मादी ५४ ते ५६. रंग तीनच: काळा, पिवळा, चॉकलेटी. फिक्क्या क्रीमपासून कोल्ह्यासारख्या तांबूसपर्यंत सगळं पिवळ्यातच येतं, त्यामुळे 'व्हाइट लॅब' म्हणून जादा पैसे मोजले असतील तर ते पिवळ्याचेच मोजले. 'सिल्व्हर' आणि 'चारकोल' स्टँडर्डमध्ये नाहीत. घरात लाडका असायला काहीच हरकत नाही, रिंगमध्ये अडचण आहे.

खाणं

आपल्याकडे गुबगुबीत लॅबला 'हेल्दी' म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की तो हेल्दी नसतो, जाड असतो. परीक्षक अंगावरून हात फिरवतो तेव्हा त्याला चरबीखाली खांद्याची ठेवण कळत नाही, आणि पळताना तो कुत्रा डुलतो. बरगड्यांवर तळहात ठेवा. न दाबता एकेक बरगडी बोटाला लागली पाहिजे, पण लांबून डोळ्याला मोजता येता कामा नये. वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर दिसली पाहिजे. एवढंच. वजनकाट्यापेक्षा ही परीक्षा खरी.

तो भुकेल्या नजरेने बघतो म्हणून वाढू नका. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये 'पीओएमसी' नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्याला खाण्याची ओढ जास्त असते. म्हणजे तुमच्या ताटाशेजारी बसून तो नाटक करत नसतो, पण त्याला अन्नाची गरजही नसते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर खास लॅबवरचाच आहे. ४८ कुत्र्यांच्या २४ जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न आयुष्यभर दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री जिथवर जगली ते वय) १३ वर्षं निघालं, भरपूर खाणाऱ्यांचं ११.२. सांध्यांचं दुखणंही त्यांच्यात उशिरा आलं. दूध-पोळीचा वाडगा पुढे करताना हे आकडे आठवा.

पिल्लू असेल तर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या आणि वरून कॅल्शियमचं सिरप देऊ नका. 'हाडं मजबूत होतात' हा सल्ला प्रत्येक सोसायटीत कोणीतरी देतंच. संतुलित खाद्यावर जादा कॅल्शियम घातलं तर वाढत्या मोठ्या कुत्र्याची हाडं आणि सांधे बिघडतात, सुधारत नाहीत. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट बंद. बेदाणेही बंद, म्हणजे प्रसादाचा शिरासुद्धा. मे महिन्यात आंब्याच्या कोयी त्याच्या तोंडी लागणार नाहीत अशा झाकून टाका. लॅब कोय चघळत बसत नाही, गिळतो, आणि मग ती आतड्यात अडकली की पोट फाडून काढावी लागते.

चालणं

कुत्रा तुमच्या डावीकडे, पट्टा सैल, चाल दुडकी. सरळ जाऊन परत येणं आणि त्रिकोण, दोन्हींचा सराव गवतावर करा. यात अवघड काही नाही. बहुतेकांची गल्लत वेगात होते: आपण हळू चालतो म्हणून कुत्रा रेंगाळतो. जरा पळा.

उभं राहणं

आता खरं काम. घरच्या लॅबची रिंगमध्ये फजिती होते ती इथेच, आणि मलाही सगळ्यात जास्त काळ याच गोष्टीने रडवलं आहे. परीक्षक समोर येतो, तुम्ही खिशातून खाऊ काढता, आणि कुत्रा आज्ञाधारकपणे टुणकन बसतो. तो चुकत नाही. आठ आठवड्यांचा असल्यापासून त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते की माणसाच्या हातात खाऊ दिसला की बूड टेकायचं. बिस्किटाआधी 'बस', जेवणाआधी 'बस', पाहुणे आले की 'बस, शेकहँड'. असं हजारदा झाल्यावर रिंगमध्ये त्याने उभं राहावं ही अपेक्षा कुठून आणायची?

म्हणून पहिला नियम घरातल्या माणसांसाठी आहे. शोची तयारी चालू असेपर्यंत बसल्याबद्दल खाऊ नाही. त्याला 'बस' शिकवू नका असं मी म्हणत नाही. शिकवा, पण त्याची शाबासकी तोंडी द्या. खाऊ मिळेल तो चार पायांवर असतानाच. जेवणाचं भांडंसुद्धा तो उभा असताना खाली ठेवा. हे आजी-आजोबांना आणि वॉचमनकाकांना पटवणं कुत्र्याला शिकवण्यापेक्षा जड जातं. तरी पटवा, कारण एक माणूस गुपचूप 'बस' म्हणून बिस्किट देत राहिला तर तुमची मेहनत वाया.

दुसरा नियम हाताचा. खाऊ कुत्र्याच्या नाकाच्या रेषेत किंवा त्याहून किंचित खाली धरा. वर गेला की डोकं वर जातं, डोकं वर गेलं की मागचं अंग खाली येतं. बसायला शिकवतात ते याच युक्तीने! रिंगमध्ये माणूस घाबरतो, कोपर दुमडतं, हात आपोआप छातीपाशी येतो आणि कुत्रा बसतो. मग मालक कुत्र्यावर डाफरतो. आरशासमोर उभं राहून आपला हात एकदा बघा.

शिकवायचं असं. दोन-चार पावलं चाला, सावकाश थांबा, कुत्र्याकडे वळा आणि हात नाकापुढे वीतभर अंतरावर स्थिर ठेवा. चारही पाय जमिनीवर थांबले की त्याच क्षणी 'उभा' म्हणा आणि खाऊ द्या. बूड खाली जायचा विचार करण्याआधी दिला पाहिजे, इतक्या चटकन. देताना हात त्याच्या तोंडावर रेटू नका, तो मागे सरकेल आणि मागे सरकला की बसेल. मादी असेल तर 'उभी' म्हणा, 'स्टँड' म्हणा, काहीही म्हणा, पण घरातल्या सगळ्यांचा शब्द एकच असू द्या.

बसलाच तर ओरडू नका, पट्टा वर ओढू नका. एक पाऊल पुढे व्हा. तो उठून मागे येईल, मग पुन्हा थांबा. पोटाखाली हात घालून उचलणारे हँडलर, म्हणजे रिंगमध्ये कुत्रा फिरवणारे, मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ही रीत मला साफ नामंजूर आहे. त्या हाताने कुत्रा पाठ कमानीसारखी उचलायला शिकतो किंवा हातावर भार टाकून मोकळा होतो. लॅबची पाठ सपाट दिसायला हवी, ती तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवता. पट्टा वर ओढून गळा ताणणं त्याहून वाईट. मान ताठ होते, पुढचे पाय बाहेर फेकले जातात, आणि 'उभा' म्हणजे गळा आवळणार हे त्याच्या डोक्यात बसतं.

दोन सेकंद जमलं की लगेच मिनिटभराची हाव धरू नका. एकाच जागी उभा असताना कलेजीचे कण एकामागून एक द्या, मग 'चल' म्हणून सोडा. त्याने स्वतः मोडण्याआधी तुम्ही सोडायचं. कणांमधलं अंतर वाढवत नेलं की वेळ आपोआप वाढते. दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं, जेवणाआधी. अर्धा तास सलग घासलं तर लॅबसुद्धा कंटाळतो. खाऊ म्हणजे कोंबडीची कलेजी, उकडून, तव्यावर कोरडी करून, हरभऱ्याएवढी चिरून. मीठ-मसाला काही नाही. कलेजी थोडीच लागते आणि तिचा हिशेब रात्रीच्या जेवणातून वजा करा.

पायांची ठेवण यानंतर. पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागच्या पायांचा घोट्यापासून खालचा भाग जमिनीला काटकोनात. हातांनी लावायच्या आधी अंगाने लावा: तुम्ही त्याच्याकडे अर्धं पाऊल सरकलात की भार मागे जातो, अर्धं पाऊल मागे गेलात की तो पाय पुढे टाकतो. तीन पाय असे जमले आणि एकच वाकडा राहिला तरच हात लावा. पुढचा पाय कोपराजवळ धरून उचला आणि ठेवा, पंजा ओढू नका. पंजा ओढला की तो पुन्हा मूळ जागी नेऊन ठेवतो, हे कितीही वेळा करून बघा. गोल्डन रिट्रीव्हरला बरेच हँडलर हनुवटी आणि शेपटी धरून उभं करतात. लॅब मोकळाच उभा करावा, शेपटी हलली तर हलू द्यावी. पाणमांजरासारखी जाड, गोल, टोकाकडे निमुळती शेपटी हे या जातीचं वैशिष्ट्यच आहे, ती हातात दाबून कशाला लपवायची?

आणि एक गोष्ट कधीच करू नका. खाऊ जमिनीवर टाकू नका. एकदा जमिनीवरून मिळाला की पुढचे कित्येक दिवस नाक गवतातच, आणि रिंगमध्ये तर आधीच्या सगळ्या कुत्र्यांच्या खाऊचे कण पडलेले असतात.

परक्या हातांची सवय

परीक्षक डोकं चाचपतो, दात बघतो, खांदा, पाठ, मांड्या, शेपटीचं मूळ दाबतो, आणि नराची दोन्ही वृषणं उतरली आहेत का तेही तपासतो. दात दाखवायला जबडा उघडायचा नसतो. तोंड मिटलेलं ठेवून ओठ वर उचला, म्हणजे वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसलेले दिसतात. घरी रोज करा, चार दिवसांत जमतं.

लॅबची अडचण बहुधा भीतीची नसते, प्रेमाची असते. परका माणूस वाकला की हा वितळतो, उडी मारतो, चष्मा चाटतो. म्हणून शेजाऱ्यांना मदतीला बोलवा आणि आधीच बजावून ठेवा: बोलायचं नाही, लाड नाहीत, 'अले माझं शोनू' तर मुळीच नाही. सरळ यायचं, हात फिरवायचा, निघून जायचं. खाऊ तुम्हीच द्यायचा, हात अंगावर असतानाच. टोपीवाला, दाढीवाला, साडीतल्या काकू, गॉगलवाला कॉलेजचा मुलगा, जितकी विविधता तितकी चांगली.

शोच्या आधी आणि शोच्या दिवशी

आंघोळ दोन-तीन दिवस आधीच घाला. शाम्पूने अंगचं तेल जातं आणि लॅबचा राठ, दाट केसांचा कोट मऊ पडून उभा राहतो. नखं कापा, कान पुसा. लॅबला एवढंच पुरे. गोल्डनची कान, पंजे, शेपटीची छाटणी जाणकाराकडून करून घ्या.

मादी माजावर आली असेल तर घरीच ठेवा. रेबीजचं आणि इतर लसींचं कार्ड, पाणी, सतरंजी, पातळ शो-पट्टा बरोबर घ्या. पुण्या-मुंबईकडे शो बहुतेक थंडीत होतात, तरी दुपारी मैदान तापतं, म्हणून मांडवात सावलीची जागा लवकर गाठा. सकाळी जेवण नेहमीच्या चतुर्थांश द्या किंवा देऊच नका. भरल्या पोटाच्या लॅबलाही कलेजी हवीच असते, पण पळायचं नसतं.

रिंगमध्ये नंबर दंडावर, कुत्रा परीक्षक आणि तुमच्या मधे, पुढच्या कुत्र्यापासून चांगलं अंतर ठेवून. नर आणि माद्या आधी वयाप्रमाणे वेगवेगळ्या वर्गांत उतरतात, मग त्यांतले विजेते जातीतल्या सर्वोत्तमासाठी एकत्र येतात, आणि तो जिंकला तर पुढे मिळत्याजुळत्या जातींच्या गटात. परीक्षक दुसऱ्या कुत्र्याकडे वळला की आपल्याला सैल सोडा. सगळा वेळ ताणून धरलात तर नेमक्या वेळी तो बसेल. बसलाच, तर तेच: हसा, एक पाऊल पुढे जा, पुन्हा उभा करा. परीक्षकाला बसणारी कुत्री नवी नाहीत.

घरी परतल्यावर अंघोळीची घाई नको, पण गोचीड त्याच दिवशी बघा: बोटांच्या मधे, कानाच्या आत, काखेत, शेपटीखाली. शोच्या मैदानावर शेकडो कुत्री फिरलेली असतात. गोचीडतापाची लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात, म्हणून तेवढे दिवस लक्ष ठेवा. ताप, फिकट हिरड्या, लाल किंवा गडद लघवी, मलूलपणा यातलं काहीही दिसलं तर रक्त तपासून घ्या. आणि लॅबने समोरचं भांडं सोडून तोंड फिरवलं तर उद्यापर्यंत वाट बघू नका, त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे न्या.