गुजरातची दोन आखातं: भूगोलाच्या अभ्यासाला नव्याने बसणाऱ्यांसाठी

राज्यसेवेच्या भूगोलाची तयारी मी नाशिकच्या एका अभ्यासिकेत बसून केली. आता जे नव्याने सुरुवात करताहेत, त्यांना आवर्जून सांगेन: खंबायत आणि कच्छ या आखातांवरच्या उद्योगांची यादी पाठ करत बसू नका. तिथली भरती आणि तिथल्या नद्या आधी पक्क्या करा.

नकाशा आपल्याच जिल्ह्यापासून काढायला घ्या. त्र्यंबकचा पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जातो, पण कळवणचा गिरणेतून तापीत आणि तापीबरोबर हजिऱ्यापाशी खंबायतच्या आखाताकडे. नर्मदा, मही, साबरमती याही तिथेच गाळ आणून ओततात. आखात उत्तरेकडे नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, म्हणून आत शिरलेलं भरतीचं पाणी कोंडून वर चढतं. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो.

भावनगर जिल्ह्यातल्या अलंगचा जहाजतोडणी उद्योग याच पाण्यावर उभा आहे. १९८३ मध्ये तो सुरू झाला. मोठ्या उधाणाच्या भरतीला जुनं जहाज स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर थेट किनाऱ्यावर चढवतात. पाणी ओसरलं की ते अवाढव्य धूड चिखलात उभं राहतं, गोदी बांधावीच लागत नाही. मग गॅस कटरने पत्रे कापायचे. ते रोलिंग मिलमध्ये जातात आणि त्यांच्या सळया होतात. जहाजातलं ॲस्बेस्टॉस आणि उरलेलं तेल कामगारांच्या जिवावर बेततं, किनाराही खराब करतं. उत्तरात ही बाजू सोडू नका, ती माणसांची बाजू आहे.

याच गाळाने खंबायतचं जुनं बंदर बुजवलं. तिथली अकीक हा रंगीत दगड घडवण्याची कारागिरी मात्र टिकली, आणि मला ती फार मोलाची वाटते.

खंबायतच्या आखाताच्या पूर्व किनाऱ्याची किल्ली तेल आणि वायू. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडलं. वसईच्या समुद्रातला वायू हजिऱ्याला किनाऱ्यावर येतो. त्यावर तिथला खत कारखाना चालतो आणि नळाने तो पार उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरपर्यंत जातो. द्रवरूप वायू बोटीने आणून उतरवणारी टर्मिनल दहेजला २००४ मध्ये आणि हजिऱ्याला २००५ मध्ये आली.

कच्छच्या आखाताची गोष्ट निराळी. मोठ्या नद्या नाहीत, पाऊस कमी, ऊन कडक, म्हणून मिठागरं. मिठामुळे मिठापूरचा सोडा ॲशचा (काच-साबणाला लागणाऱ्या क्षाराचा) कारखाना. फाळणीत कराचीचं बंदर गेलं, म्हणून कांडला बंदर उभं राहिलं. जामनगरला तेल शुद्धीकरण आणि त्याच किनाऱ्यावर प्रवाळांचं सागरी राष्ट्रीय उद्यान. ही दोन नावं नेहमी एकत्र लिहा, कारण तेलगळतीची धास्ती तिथे कायमची आहे.

सरावासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकं बघा. एकाच पौर्णिमेची मुंबई आणि भावनगरची पाण्याची उंची शेजारी-शेजारी लिहा आणि 'जहाजतोडणी अलंगलाच का?' याचं उत्तर पुस्तक मिटून लिहून काढा.